खळाळाचा वर्ग कसा वाचावा आणि कसा ठरवावा: मलप्रभा–म्हादईच्या मुलखातील कयाकचालकांसाठी

पावसाळा सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील घराघरांत सकाळी आधी पाण्याचे आकडे वाचले जातात. राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक (सेकंदाला वाहणारे घनफूट) पाणी सुटले, हिडकल धरण किती टीएमसी भरले, राकसकोप जलाशयाची पातळी किती फुटांवर आली, हे विचारायला कोणी अभियंता असावे लागत नाही. खळखळत्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान अरुंद नाव, चालवणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक आकडा येतो, तो म्हणजे खळाळाचा, म्हणजे नदीतील खडकाळ, वेगवान, फेसाळत्या टप्प्याचा, वर्ग. ‘अमुक नदी वर्ग तीनची आहे’ असे ऐकले की नवखा माणूस तो आकडाही क्युसेकसारखाच वाचतो आणि तेथेच फसतो. क्युसेक मोजलेले असतात, वर्ग मात्र ठरवलेला असतो. एखाद्या अनुभवी माणसाने, एका ठरावीक पाण्याला, काठावरून पाहून आणि बहुधा त्यातून जाऊन दिलेले ते मत असते. ते मत कसे वाचावे आणि अनोळखी खळाळापुढे उभे राहिल्यावर आपले स्वतःचे मत कसे बनवावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

मोजपट्टी कोणती आहे

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी मोजपट्टी सहा वर्गांची आहे. ‘अमेरिकन व्हाइटवॉटर’ ही १९५४ साली स्थापन झालेली संस्था आपल्या सुरक्षा-संहितेसोबत ती प्रसिद्ध करते. १९९८ साली या मोजपट्टीत सुधारणा झाली, कारण चांगल्या प्लॅस्टिकच्या नावा आणि शिकवणीच्या नव्या पद्धती यांमुळे पूर्वी अशक्य वाटणारे खळाळ लोक नियमितपणे पार करू लागले होते आणि जुन्या व्याख्यांच्या वरच्या टोकाला गर्दी झाली होती. वर्ग मुळात रोमन अंकांत लिहितात. येथे आपण साधे अंक वापरू.

सगळे जग मात्र याच पट्टीने मोजते असे नाही. कोलोराडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमध्ये एक ते दहा अशी स्वतंत्र पट्टी चालते. त्यामुळे तेथील एखाद्या खळाळापुढे ‘आठ’ लिहिलेले दिसले, तर तो सहाच्याही पलीकडचा आहे असे समजू नये. कोणताही आकडा वाचण्याआधी तो कोणत्या पट्टीवरचा आहे, ही पहिली चौकशी करावी.

सहा वर्ग, चालकाच्या बाजूने

पहिल्या वर्गात पाणी वेगाने वाहते, लाटा लहान असतात, अडथळे थोडे असून दुरूनच दिसतात. नावेतून पडलेला माणूस स्वतःच्या बळावर काठाला लागतो. दुसऱ्या वर्गात वाट रुंद आणि स्पष्ट असते, काठावर उतरून पाहणी करण्याची गरज पडत नाही, पण अधूनमधून एखादा खडक टाळावा लागतो. काळी नदीवर गणेशगुडीहून सुटणाऱ्या राफ्टमध्ये बसलेल्यांनी हा वर्ग अनुभवलेला आहे आणि त्याच टप्प्यात तिसऱ्याची चवही घेतलेली आहे.

तिसऱ्या वर्गापासून कयाकचालकाचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते. लाटा अनियमित असतात, त्या टाळता येतीलच असे नसते, आणि वेगवान प्रवाहात अरुंद वाटेतून किंवा कड्यावरून नाव नेमकी वळवावी लागते. मोठ्या लाटा किंवा झाडांच्या फांद्या वाटेत असू शकतात, पण त्या सहज चुकवता येतात. पाण्यात पडलेल्याला सहसा इजा होत नाही. तरीही त्याला लांबवर वाहत जाण्यापासून वाचवायचे, तर सोबत्यांची मदत लागू शकते. नवख्यांनी येथे काठावरून पाहणी करूनच पाण्यात उतरावे.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्गामधील रेषा ही या पट्टीवरील सर्वांत महत्त्वाची रेषा आहे, म्हणून येथे थोडे थांबू. चौथ्या वर्गाचे पाणी जोरकस असते, पण त्याची वागणूक ओळखता येते. लाटांची उंची हा दोन वर्गांतील खरा फरक नव्हे. तिसऱ्या वर्गात एखादी वल्हवणी चुकली, तर चालकाला बहुधा दुसरी संधी मिळते. चौथ्यात काही हालचाली ‘केल्याच पाहिजेत’ अशा असतात आणि त्या धोक्याच्या जागेच्या वर असतात. डावीकडच्या खडकामागे ठरलेल्या क्षणी शिरलो नाही, तर पुढच्या उडीपूर्वी थांबायला जागाच उरत नाही. नावेतून पडून पोहणाऱ्याला इजा होण्याची शक्यता मध्यम ते मोठी असते, त्याने स्वतःला वाचवणे कठीण असते आणि सोबत्यांनी बचावाचा सराव आधी केलेला असावा लागतो. उलटलेली नाव आतूनच सुलटी करण्याचे कसब, ज्याला रोल म्हणतात, ते तलावात नव्हे तर फेसाळत्या पाण्यात पक्के झालेले असावे. राकसकोपसारख्या स्तब्ध पाण्यात दहापैकी दहा वेळा जमलेला रोल फेसात दहापैकी चार वेळा जमला, तर त्या माणसाला चौथा वर्ग अजून दूर आहे, असे मी म्हणेन.

पाचव्या वर्गात खळाळ अतिशय लांब, अडथळ्यांनी भरलेले किंवा अत्यंत उग्र असतात. थांबायच्या जागा लहान, खवळलेल्या किंवा गाठायला अवघड असतात आणि पाण्यात पडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे असते. या एकाच वर्गात इतका मोठा पल्ला आहे की त्याचे ५.०, ५.१, ५.२ असे वरच्या बाजूला मोकळे पोटभाग केलेले आहेत. यांतील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा दशांशाने नव्हे, तर पूर्ण एका वर्गाइतकी अवघड मानतात.

सहावा वर्ग म्हणजे ज्या पाण्यात जवळपास कोणी उतरलेलेच नाही असे पाणी. एखादा सहावा खळाळ अनेकांनी अनेकदा पार केला, तर त्याला पाचव्याचा योग्य पोटभाग देऊन खाली आणले जाते. म्हणजे सहावा हा आकडा नदीपेक्षा माणसांच्या अनुभवाविषयी अधिक सांगतो.

येथे गोकाकचा धबधबा आठवल्याशिवाय राहत नाही. घटप्रभा तेथे सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते. वॉशिंग्टन राज्यातील पलूस धबधब्यावरून २००९ साली टायलर ब्रॅड्ट या कयाकचालकाने सुमारे ५७ मीटरची उडी घेऊन विक्रम केला, हे वाचून आमच्याकडील काही उत्साही तरुणांनी लगेच वजाबाकी केली आणि गोकाक पाच मीटरने सोपा ठरवला. पण उंची हा या हिशेबातील एक लहान भाग आहे. खाली खोल डोह आहे की खडक आहे, पाणी कड्यापासून सुटून पडते की कड्यावर आपटत येते, आणि पडल्यानंतर डोहातून बाहेर यायला वाट आहे की नाही, यांवर सारे ठरते. गोकाक झुलत्या पुलावरून पाहावा.

लिहिलेला वर्ग उलगडून वाचणे

नदीच्या माहितीत वर्ग क्वचितच एकटा येतो. ‘३ (४)’ असे लिहिले असेल, तर टप्पा एकंदरीत तिसऱ्या वर्गाचा असून त्यात एक किंवा दोन खळाळ चौथ्याचे आहेत आणि ते बहुधा काठाने नाव उचलून नेऊन टाळता येतात, असा अर्थ होतो. ‘३–४’ याचा अर्थ वेगळा आहे. सगळा टप्पा या दोहोंच्या दरम्यान फिरतो, आणि टाळण्यासारखी एक जागा दाखवता येत नाही. ज्याची तयारी तिसऱ्यापुरतीच आहे, त्याच्यासाठी पहिली नदी शक्य आहे आणि दुसरी नाही. अधिक आणि उणे ही चिन्हे वर्गाच्या वरच्या आणि खालच्या टोकाकडे बोट दाखवतात.

राफ्टिंगच्या जाहिरातीतील वर्ग वेगळ्या नजरेने वाचावा. चौदा-सोळा फुटी रबरी राफ्ट ज्या लाटेवरून डुलत जाते, ती लाट कयाकमध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाते. याउलट, राफ्ट जेथे दोन खडकांत अडकते, तेथून कयाक सुळकन निघून जाते. शिवाय पर्यटकाला रोमांच विकायचा असतो, तेव्हा ‘दोन’चे ‘तीन’ होतात. कयाकचालकांच्या टोळ्यांत नेमके उलटे घडते. रोज जे पाणी पार करतो त्याला ‘अरे, ते तीनच आहे’ असे म्हणण्यात एक ऐट असते, आणि तो तीन ऐकून आलेला पाहुणा चौथ्यात सापडतो. माझा अनुभव असा आहे की दुसऱ्या प्रकारची चूक अधिक महागात पडते, कारण जाहिरातीकडे माणूस संशयाने पाहतो आणि मित्राच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

पाणी बदलले की वर्ग बदलतो

वर्गासोबत पाण्याचे मान दिलेले नसेल, तर तो वर्ग अर्धाच समजावा. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा मे महिन्यात खानापूरजवळ अनेक ठिकाणी पायी ओलांडता येते, आणि तीच नदी तरण्या-म्हाताऱ्या पावसात असोग्याच्या खडकांवरून पाहवत नाही. जांबोटी–कणकुंबीच्या डोंगरात रात्रभर कोसळले की सकाळी खाली नदी चढलेली असते, मग खानापुरात ऊन का पडलेले असेना. घाटमाथ्यावरच्या नद्यांना धरणाचा आधार नसल्याने त्या जशा झपाट्याने चढतात तशा झपाट्याने उतरतातही, आणि सकाळी पाहिलेला वर्ग दुपारी खरा राहीलच असे नाही. काळीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील पाणी सुपा धरणाखालील वीजनिर्मितीवर अवलंबून असते, त्यामुळे पावसाचा अंदाज पाहून उपयोग नाही, पाणी केव्हा सुटणार याची चौकशी करावी लागते.

पाणी वाढले की खळाळ अवघड होतो, हे सर्वसाधारणपणे खरे असले तरी सरळ रेषेत खरे नाही. काही खळाळ कमी पाण्यात उघड्या दगडांमुळे किचकट असतात, मध्यम पाण्यात सोपे होतात आणि पुरात पुन्हा भयंकर होतात. काही पुरात साफ बुडून जातात आणि वरून नुसता मोठ्या लाटांचा पट्टा उरतो. पण त्याच वेळी काठाचे संथ पाणी झाडांत शिरलेले असते आणि थांबायला जागा राहत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो, हे कायम ध्यानात ठेवावे. कालच्या ज्या खडकाला टेकून नाव सावरता आली, तोच खडक आज नाव दाबून धरू शकतो.

आपल्या ओढ्यांवर आणि लहान नद्यांवर मोजणी केंद्रे सर्वत्र नाहीत. अशा वेळी क्युसेकचा अंदाज स्वतः काढता येतो. खळाळाच्या वर किंवा खाली नदी सरळ आणि सारख्या रुंदीची असेल अशी जागा निवडावी, आणि मोजणी पाणी शांत असताना करावी. समजा पात्र १२ मीटर रुंद आहे आणि काठीने चार-पाच ठिकाणी मोजलेल्या खोलीची सरासरी ०.८ मीटर येते, म्हणजे काटछेद ९.६ चौरस मीटर झाला. नारळ किंवा संत्रे मधल्या धारेत टाकावे, कारण ही फळे बहुतेक पाण्यात बुडून तरंगतात आणि वारा त्यांना ढकलत नाही. २० मीटर अंतर जायला १६ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १.२५ मीटर. तळाजवळ पाणी सावकाश वाहते, म्हणून याला ०.८५ ने गुणावे. गुणाकार सुमारे १०.२ घनमीटर प्रतिसेकंद येतो. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, त्यामुळे उत्तर अंदाजे ३६० क्युसेक. ही मोजणी दोन-तीन वेगवेगळ्या पाण्यांना करावी आणि प्रत्येक वेळी जवळच्या पुलाच्या खांबावर पाणी कोठपर्यंत आहे याची नोंद ठेवावी. तेवढ्याने त्या खांबाची मोजपट्टी तयार होते, आणि नदी चढलेली असताना पाण्यात न उतरता अंदाज घेता येतो.

उतार आणि घडण: घरी बसून करायचा अभ्यास

नदीवर जाण्यापूर्वी सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर काम करावे. या प्रमाणात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. समोच्च रेषा साधारण २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात, तरी नकाशाच्या कडेला लिहिलेले अंतर तपासून घ्यावे. नदी एका रेषेपासून दुसरीपर्यंत नकाशावर चार सेंटिमीटर जात असेल, तर दोन किलोमीटरला २० मीटर, म्हणजे किलोमीटरला १० मीटर उतार झाला. या सरासरीवर मात्र विसंबू नये. गोकाकच्या वरचा आणि खालचा टप्पा जोडून सरासरी काढली, तर मध्ये एक कडा आहे हे त्या आकड्याला कधीच सांगता येणार नाही. उतार एकसारखा पसरला आहे की पायऱ्यापायऱ्यांनी येतो, हे उपग्रह-चित्रात पांढऱ्या फेसाचे पट्टे शोधून ताडून पाहावे. पायरी आणि तिच्याखाली डोह अशी घडण असेल, तर चुकलेल्याला सावरायला जागा मिळते. तेवढाच उतार सलग असेल, तर वर्ग वर सरकतो. पात्र आवळते कोठे, वळणापलीकडे काय आहे आणि गाडीरस्ता काठापासून किती दूर आहे, हेही याच बैठकीत टिपून ठेवावे.

काठावरची पाहणी

आता मुख्य काम. उजवा आणि डावा काठ हे शब्द नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून वापरावेत, नाहीतर काठावरच्या माणसाने ‘उजवीकडे’ म्हणून ओरडावे आणि पाण्यातल्याने उलटीकडे वळावे, असे होते.

पाहणीची सुरुवात खळाळाच्या शेवटापासून करावी. बहुतेक नवखे लोक वरच्या तोंडाशी उभे राहून पहिली लाट न्याहाळत बसतात. प्रश्न असा आहे की काही बिघडले, तर माणूस आणि नाव कोठे पोहोचतील. खाली पन्नास मीटरचा डोह असेल तर एक उत्तर आणि लगेच पुढचा खळाळ असेल तर दुसरे. तेथून काठाने वर चालत यावे. खालून वर पाहिल्यावरच खडकांचे पोखरलेले पोट आणि पाणी उलटे फिरवणाऱ्या खळग्या दिसतात, कारण वरून त्या खडकांच्या आड असतात. पुलावरून पाहून कधीही वर्ग ठरवू नये. मी स्वतः एकदा पुलाच्या कठड्याला टेकून एका खळाळाला ‘दोन’ असे वहीत लिहिले, आणि खाली उतरल्यावर ज्याला वीतभर समजलो होतो ती लाट खांद्याच्या वर निघाली. उंचावरून सगळे पाणी सपाट दिसते, आणि छायाचित्रात तर आणखीच सपाट.

पाण्यावरच्या खुणा वाचायला एक पावसाळा पुरतो. दोन खडकांमधून सुटणारे पाणी पुढे निमुळती होत जाणारी गुळगुळीत जीभ काढते आणि तिचे टोक खालच्या दिशेला असते, तीच वाट. टोक वरच्या दिशेला असलेला पाचरीसारखा आकार दिसला, तर त्या टोकाशी खडक लपलेला आहे. खडकामागे पाणी संथ होऊन उलट वर वाहते. या जागेला एडी म्हणतात, आणि कयाकचालकाचे थांबे हेच असतात. जेथे पाणी पायरीवरून पडून स्वतःवरच उलटे फिरते तेथे खळगी किंवा होल बनते, आणि तिचा आकार नीट पाहावा. दोन्ही टोके खालच्या दिशेला वळलेली असतील, तर अडकलेली वस्तू कडेने बाहेर सुटते. टोके वरच्या दिशेला वळलेली असतील किंवा खळगी काठापासून काठापर्यंत सरळ असेल, तर आत गेलेले आतच घोळत राहते. शंका असेल तर एक सुकलेला ओंडका वरून सोडावा आणि तो किती वेळ फिरतो ते मोजावे.

एवढे पाहून झाल्यावर मी स्वतःला पुढील प्रश्न याच क्रमाने विचारतो. नाव नुसती सोडून दिली असती, तर ती बहुतेक सुखरूप खाली पोहोचली असती का? पोहोचली असती, तर खळाळ पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचा आहे. नसेल, तर वाट पकडण्यासाठी किती हालचाली कराव्या लागतील? एक-दोन हालचाली, त्यांच्यामध्ये सावरायला अवधी, आणि चुकल्यास भिजण्यापलीकडे विशेष काही नाही, असे असेल तर तिसरा. हालचाली एकमेकींत गुंतलेल्या आहेत, एक चुकली की पुढची आपोआप चुकते, आणि चुकल्यावर खडकावर किंवा होलमध्ये जायची पाळी येते, असे असेल तर चौथा. पोहणाऱ्याला वाचवायला थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) घेऊन उभे राहण्याची जागाच काठावर नसेल, थांबे नसतील आणि चूक जिवावर बेतणारी असेल, तर पाचवा. उत्तर दोन वर्गांच्या मध्ये पडले, तर वरचा वर्ग लिहावा.

अवघडपणा आणि धोका या दोन गोष्टी या पट्टीत एकत्र मिसळलेल्या आहेत, आणि तिच्यावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. सोपी, सरळ वाट असलेला पण ज्याच्या एका कडेला पोखरलेला खडक आहे असा खळाळ, आणि किचकट वळणांचा पण खाली शांत डोह असलेला खळाळ, हे दोन्ही पट्टीवर ‘तीन’ ठरू शकतात. म्हणून वहीत वर्गाच्या शेजारी दुसरा रकाना आखून ‘चुकल्यास काय’ हे एका वाक्यात लिहावे.

पट्टीत न बसणारी आपल्याकडची संकटे

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे त्यांतील सर्वांत मोठे संकट आहे. वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मार्कंडेय, कोणतीही नदी घ्या, काही किलोमीटरवर बंधारा आहेच. पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे गाळे बंद करणाऱ्या फळ्या, बसवले की पाणी माथ्यावरून एकसारखी चादर होऊन पडते. त्याच्या पायथ्याशी तयार होणारी खळगी दोन्ही बाजूंच्या भिंतींना भिडलेली असते, त्यामुळे नैसर्गिक होलला असते तशी बाजूने सुटायची वाट तिला नसते. पृष्ठभागावरचे पाणी बंधाऱ्याकडे परत ओढते आणि हवा मिसळलेला फेस माणसाला तरंगत ठेवत नाही. उडी हातभर का असेना, जीव घ्यायला ती पुरते. वरून नावेतून येताना यांतले काही दिसत नाही. दिसते ती फक्त पाण्याची एक गुळगुळीत आडवी कड आणि तिच्यापलीकडे झाडांचे शेंडे. ही कड दिसताच काठ गाठावा आणि नाव खांद्यावर घ्यावी. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात तेव्हा पाणी खांबांमधील गाळ्यांतून जाते आणि लोकांना वाटते की आता वाट मोकळी झाली. गाळ्यात एखादा राहिलेला बरगा, अडकलेले झाड किंवा लव्हाळ्याचा भारा असेल, तर तो चहाच्या गाळणीसारखे काम करतो. पाणी पार होते आणि चोथा मागे राहतो. पुरात बुडणारे पूल, जसे कल्लोळ–येडूर किंवा कारदगा–भोज, हेही याच जातीचे आहेत. बंधारा आणि बुडालेला पूल यांना कोणताही वर्ग देऊ नये. ‘काठाने न्यावे’ एवढेच लिहावे.

दुसरी गाळणी नैसर्गिक आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात काठावरची बांबूची बेटे आणि जांभळीची झाडे दर पावसाळ्यात पाण्यात झुकतात किंवा आडवी पडतात. गेल्या वर्षी मोकळी असलेली वाट यंदा बंद असू शकते, म्हणून हंगामातील पहिल्या फेरीत प्रत्येक आंधळे वळण काठावरून पाहावे. काळीमध्ये दांडेलीच्या आसपास मगरी आहेत, आणि पट्टीला त्यांचा पत्ता नाही. पाणबुडी मोटारींच्या तारा, मासेमारीची जाळी आणि काठावर बांधलेले दोर यांचेही तेच.

मूळ पट्टीत एक सूचना आहे. पाणी दहा अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल किंवा फेरी निर्जन भागात लांबवर असेल, तर खळाळ एका वर्गाने अवघड समजावा. थंडीचा नियम हिमालयातील नद्यांसाठी राखून ठेवू, पण निर्जनतेचा नियम आपल्या दाराशी आहे. म्हादईचा वरचा भाग भीमगड अभयारण्यात येतो. तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि पावसाळ्यात जखमी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायला दिवस जातो. तेथला तीन हा चारच धरावा.

काठावरच्या गावांत विचारपूस करायची राहू नये. मासेमार आणि गुराखी यांना खळाळाचा वर्ग ठाऊक नसतो, पण कोणत्या डोहात भोवरा आहे, कानडीत ज्याला ‘सुळी’ म्हणतात ती कोठे आहे, कोणत्या पाण्याला बैलजोडीही उतारात घालत नाहीत, हे त्यांना नेमके माहीत असते. त्यांनी ‘तिथं जाऊ नका’ म्हटले, तर आधी का ते विचारावे आणि मग जाऊन पाहावे. कारण बहुधा खरेच सापडते.

नोंद कशी ठेवावी

शेवटी वहीतील नोंदीचा नमुना देतो. खळाळ कल्पित आहे, नोंदीची रीत खरी आहे. समजा, गावाखालच्या वळणावर एक खळाळ आहे आणि त्याची मोजपट्टी म्हणजे वरच्या पुलाचा दुसरा खांब.

पहिली नोंद, जूनअखेर: खांबावर पाणी खालच्या सांध्याशी, अंदाजे १५० क्युसेक. दगड उघडे, नाव दोनदा घासली. वर्ग २. चुकल्यास: गुडघाभर पाण्यात भिजणे, मात्र उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, फटीत पाय अडकेल.

दुसरी नोंद, जुलै मध्य: पाणी दुसऱ्या सांध्याच्या वर वीतभर, अंदाजे ७०० क्युसेक. डावीकडची जीभ पकडून लगेच उजव्या एडीत शिरावे लागते. शेवटच्या पायरीखाली होल, टोके खालच्या दिशेला, ओंडका चार सेकंदांत सुटला. वर्ग ३ अधिक. चुकल्यास: डोहापर्यंत पोहणे, थ्रो बॅगवाला उजव्या काठावरील सपाट खडकावर हवा.

तिसरी नोंद, आठ दिवसांनी: पाणी तपकिरी, खांबावरचे सांधे बुडालेले, क्युसेकचा अंदाज काढला नाही. उजवी एडी झाडांत गेली आहे. होलची जागा दिसत नाही, नुसत्या लाटा आहेत आणि पाहताना सोपे वाटते. सपाट खडक पाण्याखाली, दोर घेऊन उभे राहायला जागा नाही. वर्ग ४ लिहिला, त्यावर काट मारून ४ अधिक लिहिला. उतरलो नाही. अर्ध्या तासात पाणी आणखी बोटभर चढले.